मतं पुकारणारी आत्या

माझ्या आत्याचं नाव च्वो श्यूलुआन, पण समुद्रकाठच्या आमच्या हाइपु गावात या नावानं तिला कुणी ओळखत नाही. ती सगळ्यांची आलुआन. दिवसा शाळेत कारकून, संध्याकाळी घरी नाताळच्या दिव्यांच्या माळा ओवणारी, आणि निवडणूक आली की मतं पुकारणारी. पहिल्या दोन कामांवर तिचं घर चाललं. तिसऱ्या कामाला जेवणाचा डबा आणि किरकोळ भत्ता मिळायचा. गाव तिला ओळखतं ते मात्र तिसऱ्यासाठी.

आमच्याकडे मतं बंद खोलीत मोजत नाहीत. चार वाजता मतदान संपलं की शाळेच्या त्याच वर्गात, लोकांच्या देखत पेटी उघडतात. एक जण मतपत्रिका काढून दोन्ही हातांनी उंच धरतो आणि शिक्का कुणाच्या नावावर आहे ते मोठ्यानं सांगतो. दुसरा तेच नाव पुन्हा म्हणून भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढतो. पाच रेघांचं मिळून एक अक्षर होतं, त्याचा अर्थ ‘सरळ’. खिडक्या उघड्या असतात. ज्याला बघायचं त्यानं बाहेर उभं राहून बघावं.

आत्याकडे हे काम आलं ते एका मास्तरांच्या खोकल्यामुळं. चित्रकलेचे मास्तर पुकारायला बसले होते, त्यांचा घसा मध्येच बसला. हेडसरांनी इकडंतिकडं पाहिलं. आत्या चहा ओतत होती. रोज शाळेच्या ओट्यावरून ती मैदानाच्या पार टोकाच्या पोरांना नावानिशी बोलवायची, ते त्यांच्या कानांत होतं. त्यांनी खुणेनं तिला बोलावलं. तिचा आवाज मोठा नव्हता खरं तर. मोठे आवाज आमच्या मासळीबाजारात पैशाला पासरी. हिचा आवाज लांब जायचा, आणि जाताना शब्द तुटत नसे. लहानपणी ओहोटीच्या वेळी आजोबा चिखलात कालवं वाढवायच्या बांबूंच्या रांगांवर काम करत, आणि पाणी वळलं की बांधावरून त्यांना हाक मारायचं काम हिचं. तिथं शब्द तुटून चालत नाही.

त्या काळात पुकारण्यासारखं फारसं नसायचं. आमच्या तालुक्यात दोन गट, देवळाकडचे आणि बाजाराकडचे. शेतकरी संघ एकाच्या हातात, मच्छीमार संघ दुसऱ्याच्या. दोघंही एकाच सत्ताधारी पक्षाचे, कारण दुसरा पक्ष काढायला परवानगीच नव्हती. तालुकाप्रमुखाची खुर्ची एकदा याला, एकदा त्याला. दोन्ही मांजरांना आळीपाळीनं लोणी, म्हणजे कुठलंच मांजर फार माजत नाही आणि कुठलंच घर सोडून जात नाही. लोकांना निवडणुकीआधी साबण मिळे, टॉवेल मिळे, बरी वर्षं असली तर सोया सॉसची बाटली. आमचे आजोबा दोन्हीकडचा साबण घ्यायचे आणि ज्याला फेस जास्त त्याला मत द्यायचे. असं ते म्हणायचे तरी.

आत्या लग्न होऊन गेली ती तिंगांच्या घरी, म्हणजे थेट बाजाराकडच्यांच्या पोटात. तिचे सासरे तिंग आबा हे त्या गटाचे ‘खांब’. उमेदवार म्हणजे छप्पर. ते ज्यांच्यावर उभं राहतं ते वाडीवाडीतले खांब. कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कुणाच्या मुलाला सैन्यातून रजा हवी, कुणाच्या बांधावरून भांडण आहे, हे आबांना त्या घरातल्यांच्या आधी कळायचं. ते धावत जायचे, काम करून द्यायचे आणि निवडणुकीत त्या घरची मतं कुठं जाणार हे न विचारता गृहीत धरायचे.

त्यांनी हे का करावं, यालाही कारण होतं. तरुणपणी ते दुसऱ्याची जमीन कसत. अर्ध्याहून जास्त पीक मालकाच्या कोठारात जायचं. मग कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा आला, आणि ज्या शेतात ते वाकून म्हातारे व्हायचे त्या शेताचा कागद त्यांच्या नावावर झाला. ज्यांनी जमीन दिली त्यांचं मीठ खाल्लं, एवढा त्यांचा हिशोब साधा होता.

मी तेव्हा तैपेईत राज्यशास्त्र शिकत होतो. देशादेशांची राजकारणं शेजारी ठेवून पाहायची, कुठं गरिबी हटली, कुठं नाही, कुठं लोकांच्या हाती सत्ता आली, कुठं नाही, आणि का, असा माझा विषय. सुट्टीत आलो की नव्यानं शिकलेलं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय राहवत नसे. एकदा आबांना म्हणालो, तुम्ही करता त्याला आमच्या पुस्तकांत आश्रयदाता आणि आश्रित यांचं नातं म्हणतात. वरचा उपकार करतो आणि खालचा मतानं फेडतो.

आबा सुपारी चघळत होते. म्हणाले, “आबिन, तू लग्नाला जातोस तेव्हा लाल पाकिटात आहेर देतोस ना?”

“देतो.”

“मग नवरी विकत घेतलीस का?”

याचं उत्तर मला आज सुचलंय, पण ऐकायला आबा नाहीत.

त्याच वर्षांत सरकारनं सांगायला सुरुवात केली की घरातली बैठकीची खोली म्हणजे कारखाना समजा. आमच्याकडे असं सांगायची फारशी गरज नव्हती. कालवं फोडून बोटं फाटलेल्या बायांना बसल्याजागी कोरडं काम मिळत होतं. ठेकेदाराचा टेम्पो सकाळी तारा आणि इवलेसे दिवे टाकून जायचा आणि तयार माळा घेऊन जायचा. आत्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. तिन्हीसांजेला ती माळा लावून तपासायची, तेव्हा सगळं घर लाल-हिरवं लुकलुकायचं आणि तिची मुलं त्यातच गृहपाठ करायची. नाताळ म्हणजे नक्की काय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. आबांची समजूत होती की अमेरिकेत वीज स्वस्त असावी.

आत्याचे यजमान, आमचे वनल्यांग आतोबा, सायकलीच्या कारखान्यात लेथ चालवत. काही वर्षांनी त्यांनी जुना लेथ घेतला, पत्र्याची शेड घातली आणि पायडल बनवायला लागले. तोवर आमच्याकडे हे लोण पसरलंच होतं. चार माणसं आणि एक कुत्रा असला तरी माणूस कार्डावर ‘मालक’ छापून घ्यायचा. सरकारनं रस्ते केले होते, हस्तकौशल्याच्या शाळा काढल्या होत्या, बंदराजवळ कारखान्यांना जागा दिली होती. आणि लोकांना मात्र कुणाच्या हाताखाली काम करायचं नव्हतं. आतोबा कमी बोलणारे. शेडमध्ये रेडिओ लावायचे आणि मशीनच्या आवाजात तो ऐकू येत नाही म्हणून बंदही करायचे नाहीत.

घरोघरी मोटारसायकल आली. फ्रिज आला. सोया सॉसच्या बाटलीला कुणी हरखेना. म्हणून बाटली गेली आणि तिच्या जागी नोटांचं पाकीट आलं. मी तोवर ताइचुंगच्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो, आणि वर्गात सांगत होतो की लोकांचं उत्पन्न वाढलं, शिक्षण वाढलं, की ते राज्यकारभारात वाटा मागतात. पाकिटाचं काय करायचं हे त्या सिद्धांतात कुठं बसत नव्हतं. त्याबद्दल मी वर्गात बोलत नसे.

मग फांग उभे राहिले.

डॉक्टर फांग गुरांचे डॉक्टर, पण आमच्याकडे गुरं कमी आणि डुकरं फार, म्हणून सगळे त्यांना डुकरांचे डॉक्टर म्हणत. किरकोळ बांध्याचा माणूस, रबरी बूट घालून तालुकाभर फिरणारा. त्या खेपेला खुर्चीची पाळी बाजाराकडच्यांची होती आणि देवळाकडच्यांनी ठरल्याप्रमाणं कुणाला उभं केलं नव्हतं. फांगनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. लष्करी कायदा अजून उठायचा होता. असल्या माणसाशी बाजारात बोलतानाही लोक मासळीचा भाव विचारल्यासारखं करत. पण बोलत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गावाचं सांडपाणी कालवांच्या रांगांवर जातं, ते वळवा. आणि तालुक्याचा जमाखर्च भिंतीवर लावा.

मतदानाच्या दिवशी मी गावी आलो. आमच्याकडे मत जिथं नाव तिथंच द्यायचं, त्यामुळं निवडणुकीला सगळं गाव परत येतं, सणासारखं. हिवाळा होता आणि समुद्रावरून वारा सुटला होता. तरीही दुपारी चारनंतर शाळेच्या खिडक्यांशी ही गर्दी. पूर्वी मोजणीला चारदोन म्हातारे थांबत.

आत्यानं पुकारायला सुरुवात केली. बाजाराकडचे उमेदवार, फांग, फांग, बाजाराकडचे, फांग. भिंतीवर दोघांची ‘सरळ’ अक्षरं एकमेकांना रेटत पुढं जात होती. प्रत्येक वेळी फांगचं नाव आलं की खिडकीबाहेर कुणीतरी नाक शिंकरायचं. टाळी वाजवायची अजून कुणाची हिंमत नव्हती. आबा पहिल्या खिडकीशी, हात पाठीशी बांधून उभे होते. बाहेर अंधारलं. आत दिवे लावले. फांग थोडेसे पुढं गेले, आणि वीज गेली.

अशा वेळी वीज जाते हे आम्हां सगळ्यांना ऐकून माहीत होतं. ती येते तेव्हा पेटीतल्या पत्रिका वाढलेल्या असतात, हेही ऐकलेलं होतं. त्या संध्याकाळी ती कुणी घालवली की आपली गेली, ते आजवर कळलेलं नाही. अंधारातून आत्याचा आवाज आला, पुकारताना असायचा तसाच, ना वर ना खाली.

“एकही कागद हलणार नाही. मी पेटीवर बसले आहे.”

बाहेर हसू फुटलं. केंद्राची जबाबदारी हेडसरांवर होती. ते भले गृहस्थ, पण घाबरले. पेटीला सील लावून तालुक्याच्या कचेरीत नेऊ, उद्या उजेडात मोजू, असं ते म्हणायला लागले.

“हेडसर,” आत्या म्हणाली, “न्यायची तर माझ्यासकट न्यावी लागेल. आणि मी काही हलकी नाही.”

तेवढ्यात कालवं विकणारी एक बाई आपली मोटारसायकल फुलझाडांच्या वाफ्यातून ढकलत खिडकीपाशी घेऊन आली आणि तिनं दिवा लावला. उजेड थेट भिंतीवरच्या कागदावर पडला. मग दुसरी आली, मग एकामागून एक. लोकांनी गाड्या अक्षरशः उचलून भिंतीशी लावल्या. मीही माझी लावली. इंजिनं चालू ठेवावी लागत होती, त्यामुळं धूर इतका की आतले बाहेरचे सगळे खोकत होते. आत्या उठली, खालची पेटी पुढं ओढली, आणि जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू झाली. तेवढ्या फटफटीच्या गोंगाटातून मागच्या रस्त्यापर्यंत एकेक नाव स्वच्छ ऐकू जात होतं. त्याच आठवड्यात मी वर्गात सांगितलं होतं की सुबत्ता आली की लोक सत्तेत वाटा मागतात. आता मी थंडीत कुडकुडत, गाडीची मूठ पिळत उभा होतो आणि मला आनंद आवरत नव्हता.

शेवटी शेवटी एक मतपत्रिका आली ती तिनं लगेच पुकारली नाही. उजेडात तिरकी केली, उलटी केली. शिक्का बरोबर दोन नावांमधल्या रेघेवर बसला होता. बाजाराकडच्यांचा निरीक्षक पुढं आला, म्हणाला की वरच्या बाजूला शाई जास्त आहे, हे आमचं. फांगच्या माणसानं म्हटलं, खाली जास्त आहे. आत्यानं ती हेडसरांना दाखवली, मग खिडकीकडे वळून सगळ्यांना दाखवली. पहिल्या खिडकीशी आबा होते. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की शेजारच्या माणसालाही ते काय म्हणतायत ते कळावं.

“रेघेवर आहे,” आत्या म्हणाली. “बाद.”

फांग अगदी थोडक्यात निवडून आले. दुसऱ्या दिवशी फेरमोजणी झाली, आकडा तोच निघाला.

आबांनी आत्याशी बोलणं सोडलं. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन. वाडगा घेऊन ते बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे, वारा असो की पाऊस. काही सांगायचं झालं की मुलाला हाक मारायचे, “वनल्यांग, तुझ्या बायकोला सांग, आज मीठ जास्त झालंय.” आत्या आतून म्हणायची, “अहो, आबांना सांगा, मीठ तेवढंच आहे, वाऱ्यानं त्यांच्या वाडग्यात समुद्र आलाय.” आतोबा दोन्ही निरोप ऐकून घ्यायचे आणि एकही पोचवायचे नाहीत. गरजही नव्हती.

शाळेतही बदली झाली. कारण कुणी दिलं नाही. खाडीपलीकडे वाळूच्या पट्टीवर शाळेची एक लहानशी शाखा होती, तिथं तिला पाठवलं. रोज सायकलवरून वाऱ्याच्या तोंडी जायचं. मी भेटायला गेलो, जरा वाईट वाटून. ती म्हणाली की येताना वारा पाठीशी असतो, पायडल मारावंच लागत नाही, आणि तिथं हेडसर नाहीत. मला वाटलं ती माझी समजूत घालतेय. पण तिच्या टेबलावरून खिडकीतून समुद्र दिसत होता आणि चहाची किटली तिच्या एकटीची होती. ती खरंच सुखात होती.

वसंतात पितरांचा सण आला. त्या दिवशी कबरी झाडून आल्यावर आमच्याकडे पातळ पोळीत सारण भरून खातात. सगळं सारण टेबलावर मांडलेलं असतं: कोबी, गाजर, अंड्याच्या पट्ट्या, कोळंबी, साखर घातलेली शेंगदाण्याची पूड. प्रत्येकानं आपली पोळी आपण गुंडाळायची. हे काही वाडगा घेऊन ओट्यावर करता येत नाही. मी त्या दिवशी तिथंच जेवायला होतो. आबा टेबलाच्या कोपऱ्याला बसले, पोळी हातात घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, “आलुआन, ती शेंगदाण्याची पूड इकडं दे.”

तिनं दिली. आतोबांनी मान खाली घातली, म्हणजे हसू दिसू नये. आबांनी आपली पोळी गुंडाळली. मग आबांनीच विचारलं, ती रेघेवरची पत्रिका तुला खरंच कुणाची वाटली?

आत्या म्हणाली की तिला काहीच वाटलं नाही. रेघेवरचा शिक्का कुणाचाच नसतो.

“माझी होती ती,” आबा म्हणाले.

आतोबांची पोळी हातातच राहिली. आबांनी मग हळूहळू सांगितलं. बाजाराकडच्यांना त्यांनी शब्द दिला होता. शब्द काय, सगळा जन्मच दिला होता. फांगला काहीच दिलं नव्हतं. पण आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या डुकरिणीला पिलं अडली होती, आणि फांग गोठ्यात गुडघ्यावर बसून काखेपर्यंत हात घालून एकेक पिलू काढत राहिला. मतदानाच्या पडद्याआड ते शिक्का घेऊन उभे राहिले आणि हात खाली जाईना. मग त्यांनी ठरवलं की मध्येच मारावा. पुकारणारी आपली सून आहे, ती बघून घेईल. तिनं बाजाराकडं म्हटलं तर शब्द राहील, आणि फांगच्या विरुद्ध शिक्का आपण मारलेला नसेल.

“आणि तू बाद म्हणालीस,” आबा म्हणाले. “मी इतकी वर्षं लोकांची मतं गोळा केली, आणि माझंच कुठं गेलं नाही.”

आत्यानं दुसरी पोळी घेतली, त्यांच्यासाठी सारण भरायला लागली. म्हणाली, “आबा, चार वर्षांनी पुन्हा आहे. तेव्हा जरा ओळीत मारा.”

आबा हसले. सुपारीनं लाल झालेले दात सगळे दिसले. त्या जेवणात त्यांनी इतक्या पोळ्या खाल्ल्या की संध्याकाळी आल्याचा काढा करावा लागला.

त्यानंतर आबांनी खांबगिरी सोडली असं नाही. ते तसेच घराघरांतून फिरत, आजाऱ्याला दवाखान्यात नेत, भांडणं मिटवत. फक्त पाकिटं वाटायला नको म्हणाले. गुडघे दुखतात असं कारण दिलं. पाकिटं वाटायला दुसरे होतेच. लोक पाकीट घेत आणि पडद्याआड जाऊन हवं तिथं शिक्का मारत. फांगनी सांडपाण्याचा नाला वळवला. जमाखर्च भिंतीवर लावला, तो वाचायला पहिले काही महिने लोक जमत, मग तिथं लग्नाच्या बँडच्या जाहिराती चिकटल्या. बाजाराच्या छपराचं काम मात्र अर्धवट राहिलं, आणि फांगला सभेत बोलता येत नाही, फोनवर भेटत नाहीत, अशी कुरकुर सुरू झाली. ती खरीच होती.

चार वर्षांनी आत्याचं नाव पुन्हा केंद्राच्या यादीत आलं. नवे हेडसर होते, त्यांनी स्वतः वाळूच्या पट्टीवर येऊन तिला बोलावलं. लष्करी कायदा गेला होता, विरोधी पक्ष उघड काम करत होता. फांग पुन्हा उभे होते, आणि देवळाकडच्यांनी एका तरुण वकील बाईंना उभं केलं होतं. आत्यानं पुकारलं. वकीलबाई, वकीलबाई, फांग, वकीलबाई. फांग स्वतः खिडकीशी उभे होते, रबरी बूट घालूनच, कुठल्यातरी गोठ्यातून थेट आलेले. त्यांच्या विरोधातलं एकेक मत तिनं त्यांच्या तोंडावर पुकारलं, त्याच आवाजात. ते हरले. वकीलबाईंना वाकून अभिनंदन म्हणाले, आत्याला म्हणाले की सर्दी झालेली दिसते, गरम पाणी घ्या, आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवळाकडच्याच एका पुढाऱ्याच्या डुकरांना लस टोचत होते.

आमच्या विषयात एक कसोटी सांगतात. लोकांनी एखाद्याला निवडून खुर्चीवर बसवलं, हे अर्धंच झालं. खुर्चीवरचा माणूस मतांनी हरून मुकाट घरी गेला, आणि त्याच्या घरी पोलीस आले नाहीत, म्हणजे खरं. मोठमोठे देश या कसोटीला उतरले की नाही यावर विद्वान वाद घालतात. मी ती हाइपुच्या शाळेच्या खिडकीतून पुरी होताना पाहिली, आणि तेव्हा माझ्या हातात गरम माशाच्या गोळ्यांचं सूप होतं.

एकदा आत्या डोळे तपासायला ताइचुंगला आली. वेळ होता म्हणून माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली. मी नेमका तोच धडा घेत होतो: आमची भरभराट कशानं झाली आणि त्यातून लोकशाही आली का. एक म्हणतात, जमीन वाटली आणि उद्योगांना शिस्त लावली ती बळकट सरकारनं, म्हणून. दुसरे म्हणतात, सुबत्तेनं लोक जागे झाले, म्हणून. तिसरे म्हणतात, नियम आधी घट्ट बसले, म्हणून. एका मुलीनं मागं वळून आत्यालाच विचारलं की आजी, तुम्हाला काय वाटतं. आत्या जरा गडबडली. मग म्हणाली की तिला आठवतं ते एवढंच की पूर्वी लोकांना मोजणी बघायला थांबता येत नसे, कारण ओहोटी कुणासाठी थांबत नाही. शेडमध्ये काम लागलं, संध्याकाळ मोकळी झाली, तेव्हा थांबायला लागले.

त्या मुलीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिच्या गावीही सगळे शेडमध्येच काम करतात, मोटारसायकली आहेत, पण तिथं मोजणीला कुणी थांबत नाही, टीव्ही बघतात. आत्या म्हणाली, मग तेही खरं असेल. आणि तिचं गाव कुठलं, तिथं कालवं मिळतात का, ते विचारायला लागली. तास संपला तरी दोघींचं चाललंच होतं. ती मुलगी पुढं याच विषयावर प्रबंध लिहून मोकळी झाली, शेजारशेजारची दोन गावं घेऊन. एक थांबणारं, एक न थांबणारं. आमच्या विभागातल्या चांगल्या प्रबंधांपैकी तो एक आहे.

देशाचा अध्यक्ष लोकांनी थेट निवडायची पहिली वेळ आली तेव्हा आत्यानंच पुकारलं. आबा तेव्हा खूप थकले होते. त्यांना खुर्चीत बसवून खिडकीशी आणलं होतं. त्यांनी कुणाला मत दिलं हे तिनं विचारलं नाही. घरी जाताना त्यांनीच सांगितलं की या वेळी ओळीत मारलाय. पुढच्या वर्षी ते गेले. अंत्ययात्रेला देवळाकडचे आले, बाजाराकडचे आले, आणि फांग आले. मंडपात कुणी कुठं बसायचं याची जरा पंचाईत झाली, तेवढंच.

पायडलांचं काम नंतर हळूहळू समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवर गेलं. शेजारच्या शेडवाल्यांनी मशिनं बोटीत घालून नेली. आतोबांनी नेली नाहीत. त्यांनी लेथ पुसून, तेल लावून, ताडपत्री घालून ठेवला, आणि शेडभोवती लसूण लावला. त्यांना काही विचारलं तर म्हणत की लसणाला कुणी ऑर्डर रद्द झाल्याचं कळवत नाही. मुलं शिकली होती, नोकऱ्यांत होती. आत्याही निवृत्त झाली. पुकारायला आता शाळेतले तरुण शिक्षक बसतात.

गेल्या निवडणुकीला मी गावी गेलो होतो. सकाळी आत्या आणि मी मत देऊन आलो, दुपारी मोजणीला शाळेत गेलो. पुकारणारा मुलगा चांगला होता, जरा घाईचा. खिडकीशी पाच-सात माणसं. कुणी फोन बघत होतं. एक आजोबा डुलक्या घेत होते. आत्या थोडा वेळ उभी राहिली. चुरशीची निवडणूक होती, दोन्ही नावं सारखी येत होती. मग तिनं माझ्या कोपराला हात लावला.

“चल,” म्हणाली. “मासा बाहेर काढून ठेवलाय.”

मी म्हटलं की निकाल तर लागू दे.

ती म्हणाली की लागेल की, कुठं जातोय. आणि चालू लागली. मीही मागोमाग निघालो. घरी आतोबांनी आलं-कांद्याची पात घालून मासा वाफेला लावला होता. आम्ही जेवायला बसलो. टीव्हीवर आकडे वरखाली होत होते, आतोबा त्याच्याकडे पाठ करून बसले होते. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा निकाल लागला. आमच्या तिघांपैकी दोघांचा उमेदवार पडला होता. आत्यानं माशाच्या गालाचं मऊ मांस काढून माझ्या वाडग्यात घातलं आणि आतोबांना म्हणाली, जरा तो टीव्हीचा आवाज कमी करा, आबिन काय सांगतोय ते ऐकू येत नाहीये.